पंख्याला दिव्याचा डिमर नको: सीलिंग पंख्याचा वेग ऑटोमेशनवर कसा आणायचा

प्रश्न असा आहे: "सांगलीत विश्रामबागेत आमचा जुना बंगला आहे. दिव्यांना वाय-फायची मॉड्यूल बसवली, होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं चालवणारा प्रोग्राम) सगळं नीट चालतं. तसाच डिमर वडिलांच्या खोलीतल्या पंख्याला लावला तर पंखा घूं-घूं आवाज करत घुमायला लागला. चाळीस टक्क्यांच्या खाली नेला की थांबतो आणि नुसता आवाज करतो. वडील ७६ वर्षांचे, गुडघे दुखतात. पहाटे गार लागलं की उठून रेग्युलेटर कमी करावा लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप. हॉलमध्ये बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवाला) पंखा आहे, तोही यात घ्यायचा आहे. काय करू?"

तो डिमर आजच काढा आणि जुना रेग्युलेटर परत जोडा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, पण हे आज करा. पंखा घुमतोय म्हणजे आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, नको तेवढं तापतंय. थांबून नुसता आवाज करतोय तेव्हा तर आणखी वाईट, कारण पंख्याची मोटार स्वतःच्याच फिरण्याने गार राहते. फिरणं बंद, करंट चालू, आणि खाली माणूस झोपलेला, अशी वेळ येऊ देऊ नका.

मी सांगली-मिरजेत २८ वर्षं वायरिंगची कामं करतो आणि गेली सात-आठ वर्षं ऑटोमेशनचीही. पंख्याच्या ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: पंख्याला दिवा समजलेलं असतं. दिव्याला उजेड कमी-जास्त करायचा असतो. पंख्यात मोटार आहे, आणि मोटार कोणत्या जातीची आहे हे बघितल्याशिवाय तिच्यासाठी काहीही विकत घेऊ नये. तुमच्या घरात दोन जातींच्या मोटारी आहेत आणि दोघींना लागणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

आधी वडिलांच्या खोलीतला साधा पंखा घेऊ. त्यात दोन वाइंडिंग असतात. एक थेट सप्लायवर, दुसरं कंडेन्सरमधून. तो कंडेन्सर, बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरॅडचा, दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट वेळेत थोडा पुढे सरकवतो. दोन वाइंडिंगमधल्या त्या फरकातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा फिरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापतो आणि उरलेला पुढे सोडतो. बल्बच्या तारेला त्याचं काही वाटत नाही, ती तापलेलीच राहते. मोटारीला मात्र सेकंदाला १०० धक्के बसतात, तेच तुम्हाला घुमण्याच्या रूपाने ऐकू येतात. कापलेल्या लाटेतून फिरवण्याच्या कामाला न येणारा पण वाइंडिंग तापवणारा करंट जातो, तो वेगळाच. शिवाय मोटारीचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे दिव्यासाठी बनवलेल्या डिमरची लाट कापायची वेळच चुकते. एलईडीसाठी जे नवे डिमर येतात ते लाटेचा शेवटचा भाग कापतात. मोटारीचा करंट असा मध्येच तोडला की व्होल्टेजचा फटका उलटा येतो आणि डिमरच जातो.

खाली नेला की पंखा का थांबतो, त्याचं कारण वेगळं. मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. व्होल्टेज निम्मं केलं तर ताकद निम्मी राहत नाही, पावपट होते. पंखा आधीच फिरत असेल तर तेवढ्यावर कसाबसा फिरत राहतो, पण थांबलेला पंखा उठत नाही. त्यात बेअरिंगमधलं ग्रीस सुकलेलं असेल आणि कंडेन्सर जुना असेल तर बोलायलाच नको.

गोल घुंडीचे, सलग फिरणारे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात, तेही लाट कापूनच काम करतात. फक्त मोटारीचा विचार करून जरा सांभाळून बनवलेले असतात. घुमणं त्यांचंही पूर्ण जात नाही. मिरजेत एका गायकांच्या घरी मला याचा असा दाखला मिळाला की तो मी विसरलेलो नाही. ते काळी एकमध्ये गातात. त्यांची तक्रार होती की पंखा दोनवर ठेवला की तंबोऱ्याचा पंचम डळमळतो. घरातले म्हणत होते मनाचे खेळ आहेत. मी हिशेब मांडला. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ, त्याखालचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झ. पंख्याचं घुमणं बरोबर १०० हर्ट्झ. इतके जवळचे दोन स्वर एकत्र वाजले की दर सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. त्यांचा कान शंभर टक्के खरा होता. रेग्युलेटर बदलून कंडेन्सरवाला लावला आणि पंचम जागेवर आला. घुमण्याची तक्रार कोणी केली की मी ती आता हसण्यावारी नेत नाही.

हा कंडेन्सरवाला स्टेप रेग्युलेटर हीच तुमच्या कामाची किल्ली आहे. टक् टक् करत एक, दोन, तीन, चार असा फिरतो तो. तो लाट कापत नाही. पंख्याच्या आधी एक कंडेन्सर मालिकेत जोडतो आणि त्या कंडेन्सरवर व्होल्टेजचा काही भाग अडतो. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरॅडचा अडथळा साधारण ३१८० ओहम, २.२ चा १४५० आणि ३.३ चा ९६५. जितका मोठा कंडेन्सर तितका कमी अडथळा आणि तितका पंखा जोरात. लाट अखंड राहते, म्हणून घुमणं नाही. कंडेन्सर स्वतः जवळजवळ तापत नाही, म्हणून वीजही वाया जात नाही. पूर्वीच्या भल्यामोठ्या तारेच्या रेग्युलेटरमध्ये पंखा मंद केला तरी वाचलेली वीज त्या डबीच्या उष्णतेत जायची, ते इथे होत नाही.

ऑटोमेशनमध्ये हेच करायचं, फक्त घुंडीच्या जागी रिले, म्हणजे मॉड्यूलने चालू-बंद होणारे स्विच, येतात. साधी रचना अशी: एक रिले २.२ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर जोडतो, दुसरा ३.३ चा, तिसरा पंख्याला थेट सप्लाय देतो. नुसता पहिला चालू असला की एक नंबर, नुसता दुसरा की दोन, दोन्ही मिळून ५.५ होतात तो तीन, आणि थेट म्हणजे चार. तीन रिले आणि दोन कंडेन्सर यांत चार वेग बसतात. बाजारात पंख्यासाठी म्हणून तयार मॉड्यूल मिळतात, त्यांत बहुधा अशीच काहीतरी रचना असते. घेण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. चौकोनी ठोकळ्यासारखे दोन-तीन कंडेन्सर दिसले आणि त्यांच्यावर २५० किंवा त्याहून जास्त व्होल्ट एसी असं छापलेलं असलं तर पुढची बोलणी करा. कंडेन्सरच नाहीत, नुसता एक ट्रायक (लाट कापणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि ॲल्युमिनियमची पट्टी दिसली, तर ते दुसऱ्या वेशातलं डिमर आहे. ज्या कंडेन्सरवर फक्त डीसी व्होल्टेज छापलंय तोही या कामाला नको.

रिलेंच्या बाबतीत एक गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. कुपवाडच्या एका घरी बसवलेलं मॉड्यूल तीन महिन्यांत अडकलं. पंखा कायम फुल, फोनवरून काही केलं तरी कमी होईना. उघडून बघितलं तर थेट सप्लायच्या रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. झालं असं होतं की तीनवरून चारवर जाताना कंडेन्सरचे रिले चालू असतानाच थेट रिले चालू होत होता. भरलेला कंडेन्सर त्या रिलेच्या पॉइंटमधून एका झटक्यात रिकामा व्हायचा, आणि दर वेळी आत एक ठिणगी. पॉइंट वितळून जोडले गेले. उपाय सोपा आहे. वेग बदलताना आधी सगळे रिले बंद, मग अर्धा सेकंद थांबायचं, मग हवा तो चालू. अर्ध्या सेकंदात पंख्याचा वेग हटत नाही, कोणाला कळतही नाही. ईएसपीहोममध्ये (मॉड्यूलचा आतला प्रोग्राम बनवायचं साधन) रिलेला इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसरा चालू होऊ न देणारी सोय, आणि त्यासोबत थांबण्याची वेळ देता येते. थेट रिले आणि बाकीचे दोन यांच्यात तो द्या. शिवाय प्रत्येक कंडेन्सरला मालिकेत २.२ ओहमचा रेझिस्टन्स हवा, म्हणजे फटका सौम्य होतो, आणि समांतर २२० किलोओहमचा हवा, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर काही सेकंदांत रिकामा होतो. तो समांतरचा नसेल तर मेन बंद केल्यावरही बोर्डात हात घालणाऱ्याला झटका बसू शकतो. चांगल्या मॉड्यूलमध्ये हे दोन्ही असतात. स्वतः जोडणार असाल तर विसरू नका.

सुरुवातीचा धक्काही प्रोग्राममध्येच घाला. बंद पंखा थेट एकवर सुरू करायचा नाही. आधी दोन-तीन सेकंद फुल, मग एकवर. जुन्या माणसांची सवय आठवा, पंखा आधी पाचवर लावायचा, फिरायला लागला की कमी करायचा. तीच सवय मशीनला लावायची आहे.

आणखी एक लक्षण सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही वाय-फायला दोष देत बसाल. पंखा बंद केला की मॉड्यूल मध्येच रिसेट होतं किंवा नेटवर्कवरून नाहीसं होतं. मोटारीचा करंट तुटताना जो व्होल्टेजचा फटका येतो त्याने हे होतं. रिलेच्या पॉइंटवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा स्नबर (तो फटका शोषणारी जोडी) लावला की बहुतेक वेळा थांबतं.

मॉड्यूल बसवायचं कुठे? बोर्डाच्या मागे, पंख्याच्या वाटीत, म्हणजे छताला लागून असलेल्या झाकणात, नव्हे. वाटीत जागा दिसते म्हणून मोह होतो. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा जातो आणि दुपारभर तापलेल्या स्लॅबखाली ती वाटी भट्टीसारखी होते. मॉड्यूलच्या पॉवर सप्लायमधले छोटे गोल कंडेन्सर उष्णतेनेच मरतात. दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. वाटी पत्र्याची असली तर वाय-फायही पोचत नाही. बोर्डात न्यूट्रल आहे का ते मात्र आधी बघा, कारण मॉड्यूलला स्वतः जागं राहायला न्यूट्रल लागतोच. ज्या बोर्डात पाच अँपिअरचा प्लग आहे तिथे न्यूट्रल आलेला असतो. जुन्या घरात नुसत्या स्विचांच्या बोर्डात फक्त फेज उतरवलेला असतो आणि न्यूट्रल वरच्या वर फिरवलेला असतो. तिथे एक वायर ओढून घ्यावी लागेल. अर्थिंगच्या वायरचा न्यूट्रल करून काम भागवणारे लोक मी पाहिलेत. तसं कोणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सांगलीच्या जुन्या, नदीकाठच्या गावभागात काम करताना अजून एक गोष्ट मी बघतो, ती विश्रामबागेत तुम्हाला कदाचित लागणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरचे बोर्ड आठवडाभर पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर उघडले तर स्विचच्या आत गाळ. साधे स्विच बदलता आले. मागे बसवलेलं प्रत्येक मॉड्यूल फेकावं लागलं, वाळवून चालू करायचा प्रयत्न कोणी करू नये. तेव्हापासून नदीकाठच्या घरात मी राउटर, हब (ऑटोमेशन चालवणारा छोटा संगणक) आणि जे काही महाग आहे ते वरच्या मजल्यावर ठेवतो आणि तळमजल्याच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) वेगळा लावतो.

आता ज्या मुद्द्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे त्याकडे येतो. भिंतीवरचं बटण जिवंत राहिलं पाहिजे. राउटर बंद, इंटरनेट बंद, फोनची बॅटरी संपलेली, होम असिस्टंटचा छोटा संगणक अपडेट घेत बसलेला, अशा सगळ्या वेळी वडिलांनी हात लावला की पंख्याने ऐकलं पाहिजे. घरात ऑटोमेशन आणलं आणि म्हातारी माणसं पंख्यासाठी मुलाच्या ऑफिसमधून येण्याची वाट बघत बसली, असं मी दोन घरांत पाहिलंय. दोन्ही ठिकाणचं काम मी पुन्हा केलं.

करायचं असं: भिंतीवर नेहमीच्या स्विचऐवजी बेल पुश लावा, दारावरच्या घंटीला असतो तसा, दाबला की परत वर येणारा. तो मॉड्यूलच्या इनपुटला जोडा. एकदा दाबला की पुढचा नंबर, जरा दाबून धरला की बंद. हा नियम मॉड्यूलच्या आतच लिहायचा, हबमध्ये नाही, म्हणजे हब मेला तरी बटण चालतं. टासमोटा (मॉड्यूलमध्ये भरायचा तयार प्रोग्राम) आणि ईएसपीहोम दोन्हींत हे जमतं. तयार मॉड्यूल घेत असाल तर दुकानदाराला राउटर बंद करून दाखवायला सांगा की स्विच चालतो का. फक्त कंपनीच्या सर्व्हरमधून चालणारं असेल तर ते माझ्या मते पंख्यासाठी घेण्याच्या लायकीचं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर १.२ मध्ये (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची सामाईक भाषा) पंख्याचाही समावेश झालाय, त्यामुळे एकाच कंपनीत अडकून पडायची वेळ हळूहळू कमी होईल.

एक सावधगिरी. अशा बऱ्याच मॉड्यूलमध्ये इनपुटच्या वायरीत सुद्धा मेनचा करंट असतो, कारण आतला पॉवर सप्लाय वेगळा केलेला नसतो. "नुसता सिग्नल आहे" असं समजून टेलिफोनची बारीक वायर पलंगापर्यंत नेऊ नका. मेनला चालणारी वायर आणि मेनला चालणारा स्विच, दुसरं काही नाही. बोर्ड उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. प्रोग्रामिंग तुम्ही करा.

फोनच्या पडद्यावर टक्के दाखवू नका. होम असिस्टंट पंख्याचा वेग टक्क्यांत धरतो, चार वेगांचे २५, ५०, ७५, १०० होतात. पण आयुष्यभर "पंखा तीनवर ठेव" म्हणणाऱ्या माणसाला ७५ टक्के म्हणजे काय ते का शिकवायचं? एक ते चार अशी चार बटणं करून द्या.

हॉलमधल्या बीएलडीसी पंख्याचं सगळं उलटं आहे. त्याच्या पोटात आधी एसीचं डीसी होतं आणि मग एक छोटा संगणक तीन वाइंडिंगना हवा तसा करंट पुरवून वेग ठरवतो. वेगाचा निर्णय तो आतल्या आत घेतो. त्याला बाहेरून व्होल्टेज कमी करून दिलं तर तो तेवढंच काम करायला जास्त करंट ओढायला बघतो. कापलेली लाट किंवा मालिकेतला कंडेन्सर त्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या त्या सर्किटला, मारतो. म्हणून त्याच्या वायरीत कोणताही रेग्युलेटर नको, फुलवर ठेवलेला सुद्धा नको. पंखा बदलताना जुना रेग्युलेटर बोर्डात तसाच राहिलाय असं फार घरांत असतं. तुमच्याकडे आहे का ते आजच बघा, असला तर काढून वायर सरळ करा.

त्याला कायम सप्लाय द्यायचा आणि बोलायचं त्याच्या रिमोटच्या भाषेत. रिमोट इन्फ्रारेड असेल तर छताकडे बघणारा एक आयआर ब्लास्टर (रिमोटचे इशारे पाठवणारं छोटं यंत्र) पुरतो. रेडिओचा असेल तर त्या फ्रीक्वेन्सीचा ब्रिज (तेच काम रेडिओने करणारं यंत्र) लागतो, पण मग समोर असण्याची अट राहत नाही. रिमोट कोणता ते ओळखायला त्याचं तोंड हाताने पूर्ण झाकून दाबून बघा किंवा दुसऱ्या खोलीतून दाबा. तरी पंख्याने ऐकलं तर तो रेडिओचा.

या पद्धतीत एक खोट आहे. पंखा उलट उत्तर देत नाही. कोणी हातातल्या रिमोटने तीनवर केला तरी फोन पाचच दाखवत राहतो. चालू-बंद एकाच बटणावर असेल तर आणखी पंचाईत, फोन बंद करायला जातो आणि पंखा चालू होतो. मी यावर वॅट मोजणारं छोटं मॉड्यूल त्या लाइनवर टाकतो, रिले कायम चालू ठेवून. पंखा किती वॅट घेतोय त्यावरून तो कुठल्या नंबरवर आहे ते कळतं. एकदा प्रत्येक नंबरचे वॅट लिहून ठेवायचे, झालं. नवा पंखा घेणार असाल तर स्वतःचं वाय-फाय असलेला आणि घरातल्या नेटवर्कवरूनच उत्तर देणारा घ्या, म्हणजे हे सगळं टळतं.

बीएलडीसीच्या भिंतीवरच्या स्विचचं काय? घरातली माणसं सवयीने तो बंद करणार, आणि सप्लाय गेला की रिमोट, ब्लास्टर, सगळं मुकं. तिथेही बेल पुशच लावा आणि त्याने रिले न तोडता होम असिस्टंटला निरोप जाऊ द्या, तो पुढे ब्लास्टरला सांगेल. इथे मात्र हब बंद असेल तर बटण चालणार नाही. म्हणून पंख्याचा मूळ रिमोट भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवा आणि तिथून तो हलवायचा नाही असा घरात नियम करा.

वीजबिलाचं विचारलेलं नाही, तरी सांगतो. साधा पंखा फुलवर ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक धरला आणि रोज १२ तास पंखा चालला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. २०२३ च्या जानेवारीपासून सीलिंग पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. वडिलांचा पंखा जुना झाला असेल तर मॉड्यूलवर खर्च करण्याआधी पंखाच बदलायचा विचार करायला हरकत नाही. पण चांगला चालणारा पंखा फक्त ऑटोमेशनसाठी काढून टाकू नका.

लाइट गेल्यावर काय होतं तेही बघा. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर कंडेन्सरवाल्या वेगावर साधा पंखा पुन्हा घुमेल. चौकोनी लाटेत ५० हर्ट्झच्या पटीतल्या वरच्या लहरी मिसळलेल्या असतात आणि कंडेन्सर त्यांना सहज पुढे जाऊ देतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असला की हा त्रास नाही. चौकोनीच असेल तर मॉड्यूलला सांगून ठेवा, इन्व्हर्टरवर गेलं की थेट फुल किंवा बंद, मधलं काही नाही. लाइट परत आल्यावर पंखा आधी होता त्याच नंबरवर यावा, हेही ठरवून द्या, नाहीतर रात्री दोनला लाइट येते आणि वडील घामाने जागे होतात.

आता पहाटेच्या गारव्याचं. घड्याळ लावून चार वाजता कमी करायचं, असं बरेच जण करतात. मे महिन्यात ते चुकतं, जानेवारीत वेगळ्या प्रकारे चुकतं. खोलीचं तापमान मोजा. सेन्सर पलंगाच्या उंचीला, भिंतीपासून जरा सुटा. बोर्डाच्या आत ठेवला तर मॉड्यूलच्या उष्णतेने दोन-तीन अंश जास्तच दाखवतो. समजा वडील झोपताना चारवर ठेवतात. खोली २७ च्या खाली आली की तीन, २५ च्या खाली आली की दोन, असं सुरुवातीला ठेवा आणि आठवडाभर त्यांना विचारत विचारत आकडे बदला. परत वाढवायचा तर एक अंश वर गेल्यावरच, आणि एकदा बदलल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर पंखा रात्रभर वर-खाली करत राहील आणि रिलेची टकटक ऐकू येईल. पावसाळ्यात २६ अंशांतही चिकचिक होते, तेव्हा आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर एक नंबर जास्त.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: वडिलांनी रात्री स्वतः बटण दाबलं की त्या रात्रीपुरतं ऑटोमेशन बाजूला. सकाळी सहापर्यंत मशीनने काही बदलायचं नाही. त्यांना काय हवं ते त्यांच्या अंगाला सेन्सरपेक्षा जास्त कळतं.

"खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद" हा हॉलसाठी चांगला नियम आहे, कारण पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. माणूस नाही तर पंख्याचा उपयोग नाही. झोपायच्या खोलीत हा नियम लावू नका. साधा मोशन सेन्सर हालचाल बघतो, गाढ झोपलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. रडारचे सेन्सर श्वासाची हालचाल पकडतात, पण फिरणारी पातीही त्यांना माणूस वाटतात. एका घरी पंखा स्वतःलाच बघून रात्रंदिवस चालू राहिला होता.

मॉड्यूल आणायच्या आधी एक छोटं काम करा. वडिलांचा पंखा जुन्या रेग्युलेटरवर फुल करून बघा. पूर्वीपेक्षा मंद वाटत असेल तर वाटी उतरवून कंडेन्सर मोजायला सांगा. २.५ चा १.८ झाला असेल तर तो बदलला की पंखा नव्यासारखा होतो, आणि ज्या वेगांवर तो आधी अडत होता तिथेही फिरायला लागतो. मेलेल्या कंडेन्सरवर कितीही चांगलं मॉड्यूल लावलं तरी तक्रार तीच राहील.

आणि पलंगाशी वायर ओढायचीच नाही. बॅटरीवर चालणारं दोन बाजूंचं झिगबी (वाय-फायसारखीच, पण कमी बॅटरी खाणारी बिनतारी पद्धत) बटण घ्या, त्यासाठी होम असिस्टंटच्या संगणकाला एक झिगबीची काडी लावावी लागेल. तो संगणक इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. एका बाजूने नंबर वाढतो, दुसऱ्या बाजूने कमी होतो. बटण वडिलांच्या उशाशी, ते ज्या कुशीवर झोपतात त्या हाताला चिकटवा. त्यांना पहाटे लागणार आहे ती कमी करायची बाजू. अंधारात चाचपडून कळावी म्हणून तिच्यावर आईची एक मखमली टिकली लावून ठेवा.